डिसेबिलिटी पेन्शनची फाईल का अडकते, आणि कुठल्या क्रमाने गेलं तर लवकर सुटते

मी पलटणीत क्लार्क होतो, सगळी नोकरी दुसऱ्यांचे कागद पुढे पाठवण्यात गेली, आणि रिटायर झाल्यावरही आसपासचे माजी सैनिक पिशवी घेऊन घरी येतातच. पिशवीत सगळं असतं, लग्नपत्रिकासुद्धा असते, फक्त जो कागद लागतो तो नसतो. "साहेब दीड वर्ष झालं, काय उत्तर नाय." मी विचारतो पाठवलं काय होतं, तर एकच अर्ज पाच ऑफिसांना पाठवलेला. मग ती पाचही ऑफिसं तो अर्ज "पुढील कार्यवाहीसाठी" फिरवून रेकॉर्ड ऑफिसलाच (जिथं सैनिकाच्या नोकरीचे सगळे कागद असतात) पाठवतात आणि तिथं एकाच माणसाचे पाच पत्रव्यवहार सुरू होतात, कुठल्याला उत्तर दिलं आणि कुठलं राहिलं हे तिथल्या क्लार्कलाही कळत नाही.

ऑफिस किती भरभर काम करेल हे आपण ठरवू शकत नाही. पण फाईल एकदा ऑब्जेक्शन लागून परत आली की पुन्हा रांगेच्या शेपटाला जाते आणि महिने तिथेच जातात, आणि ती परत येऊ नये एवढं आपण नक्की करू शकतो. खाली सगळं त्याच हिशेबाने लिहिलंय. जवान आणि जेसीओ (नायब सुभेदार, सुभेदार वगैरे) डोळ्यासमोर ठेवलेत, नेव्ही एअर फोर्सवाल्यांना क्रम साधारण हाच, ऑफिसं वेगळी.

## सुरू करायच्या आधी : तुम्ही कुठल्या खान्यात बसता

हे न ठरवता अर्ज लिहायला बसतात आणि मग नको त्या नियमाखाली मागणी करतात.

तुम्हाला आजारपणामुळे किंवा जखमेमुळे मुदतीआधीच मेडिकल बोर्डातून (लष्करी डॉक्टरांची समिती) घरी पाठवलं असेल तर ती इनव्हॅलिडमेंटची केस, त्यात सर्व्हिस एलिमेंट (नोकरीबद्दलचा) आणि डिसेबिलिटी एलिमेंट (अपंगत्वाबद्दलचा) असे दोन भाग मिळून डिसेबिलिटी पेन्शन होते. तुम्ही टर्म पूर्ण करून आलात पण येताना एलएमसी म्हणजे लो मेडिकल कॅटेगरीत होता, तर सर्व्हिस पेन्शन तुम्हाला चालूच असणार, प्रश्न फक्त वरच्या डिसेबिलिटी एलिमेंटचा. त्यासाठी दोन गोष्टी लागतात : बोर्डाने टक्केवारी २० किंवा जास्त धरलेली असणं, आणि तो आजार सर्व्हिसमुळे झाला किंवा सर्व्हिसमुळे वाढला असं मान्य होणं. दोन्ही पाहिजे. नुसते ३० टक्के आहेत म्हणून पेन्शन लागत नाही, हे दर दुसऱ्या माणसाला सांगावं लागतं.

स्वतःहून लवकर बाहेर पडलेल्यांना पूर्वी हे मिळत नव्हतं. १ जानेवारी २००६ किंवा त्यानंतर स्वेच्छेने आलेल्यांना संरक्षण मंत्रालयाच्या २९ सप्टेंबर २००९ च्या पत्राने दार उघडलं, तेव्हा "तू तर प्रीमॅच्युअर आलास, तुला कुठलं" असं कोणी म्हटलं तर तारीख बघा आधी.

लढाईत किंवा ऑपरेशनमध्ये जखम झाली असेल तर ती वॉर इंज्युरी पेन्शनची केस आहे, दर बराच जास्त आहे, आणि साध्या डिसेबिलिटीत अर्ज टाकून नंतर बदलून घेणं म्हणजे दोनदा रांगेत उभं राहणं.

ध्यानात ठेवा : २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे एंटायटलमेंट रूल्स (हक्क कोणाला ते ठरवणारे नियम) आणि मेडिकल ऑफिसरांसाठी नवं गाइड लागू झालंय. त्या आधी निघालेल्यांची केस जुन्या नियमांवर चालते. त्यामुळे २०१८ ला आलेल्या दोस्ताचा अर्ज बघून २०२४ ला आलेल्याने कॉपी मारू नये, आणि उलटही नको.

## टप्पा १ : वर्दीत असतानाच जमवायचे कागद

जे वाचतायत आणि अजून नोकरीत आहेत त्यांनी हा टप्पा दोनदा वाचा. बाहेर आल्यावर जो कागद सहा महिन्यांत मिळत नाही तो आत असताना एका दुपारी मिळतो.

जखमेची केस असेल तर सगळ्यात मोठा कागद म्हणजे इंज्युरी रिपोर्ट, आयएएफवाय-२००६. त्यात कमांडिंग ऑफिसरने जखम ड्युटीवर झाली का हे लिहिलेलं असतं. बऱ्याच वेळा काय होतं, पीटीत किंवा गेम्समध्ये गुडघा मोडतो, एमआय रूममध्ये (युनिटचा दवाखाना) पट्टी होते, माणूस "ठीक आहे सर" म्हणतो आणि रिपोर्ट भरलाच जात नाही. दहा वर्षांनी गुडघा बसतो आणि बोर्ड विचारतं इंज्युरी रिपोर्ट कुठाय. कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली असेल तर तिच्या निष्कर्षाची प्रतसुद्धा घ्या, नुसता नंबर लिहून ठेवलात तरी पुढे मागता येते.

सुट्टीवरचा अपघात हा वेगळाच गुंता आहे. सुट्टीला जाताना किंवा सुट्टीवरून परत येताना प्रवासात झाला असेल तर लीव्ह सर्टिफिकेट, रेल्वे वॉरंट, तिकीट, पोलीस पंचनामा, सगळं जपा, कारण प्रवास सरकारी खर्चाचा होता हे तिथे दाखवावं लागतं. घरी विहिरीवरची मोटर काढताना हात गेला तर त्याचा सर्व्हिसशी संबंध दाखवणं अवघड आहे, हे आधीच स्पष्ट सांगितलेलं बरं, उगाच आशा लावून ठेवू नये.

आजाराची केस असेल तर हे :

- भरती मेडिकलमध्ये तुम्ही फिट होता, कुठलीही नोंद नव्हती, याचा कागद किंवा निदान त्याचा उल्लेख.
- प्रत्येक वेळी कॅटेगरी लागली, वाढली, उतरली त्या बोर्डांच्या प्रती.
- हॉस्पिटलचे डिसचार्ज स्लिप, तारखांसकट.
- पोस्टिंग प्रोफाइल : कुठली तारीख ते कुठली तारीख, कुठली युनिट, फील्ड (सीमेवर, ऑपरेशनच्या भागात) की पीस (शांत छावणीत), हाय अल्टिट्यूड का.
- हार्टची केस असेल तर आजार सुरू व्हायच्या आधीच्या १४ दिवसांचा चार्टर ऑफ ड्युटीज. हा युनिटकडूनच मिळतो. त्या १४ दिवसांत तुम्ही कुठल्या ड्युटीवर होता त्यावर निर्णय फिरतो, आणि युनिट हलली की तो कोण देणार.

शेवटचं म्हणजे पार्ट टू ऑर्डर, म्हणजे घरच्या माहितीची सर्व्हिस डॉक्युमेंटमध्ये नोंद करणारा आदेश. बायकोचं नाव, जन्मतारीख, मुलांची नावं. सर्व्हिस डॉक्युमेंटमध्ये "सुनिता", आधारवर "सुनीता", बँकेत माहेरचं नाव, असल्या वेलांटीवरून फाइली परत आलेल्या मी हाताने पाठवल्यात. हे आत असताना दुरुस्त करा.

थांबा, तपासा : तुमच्या आजाराचं किंवा जखमेचं नाव, ती पहिल्यांदा कळल्याची तारीख आणि जागा, या तीन गोष्टी सगळ्या कागदांवर एकच आहेत का? एका कागदावर २०११ आणि दुसऱ्यावर २०१२ असेल तर आत्ताच विचारा कुठलं बरोबर.

## टप्पा २ : रिलीज मेडिकल बोर्डाचा दिवस

रिलीज बोर्ड म्हणजे नोकरीतून बाहेर पडतानाचं मेडिकल बोर्ड. माझ्या मते निम्मी केस इथे जिंकली किंवा हरली जाते, आणि आपली माणसं या दिवशी घरी जायच्या घाईत असतात. ट्रंक बांधलेली असते, गाडीचं रिझर्वेशन झालेलं असतं, आणि मेडिकल असिस्टंट म्हणतो "इथे सही कर". करतात.

बोर्डाचा फॉर्म एएफएमएसएफ-१६. त्यात तुमचं स्वतःचं निवेदन असतं, आणि पुढे अपील झालं, ट्रायब्युनल (सैनिकांच्या केसेसचं न्यायाधिकरण) झालं तरी हाच कागद पुन्हा पुन्हा उघडला जातो. तेव्हा :

कोऱ्या फॉर्मवर सही नाही. भरलेला वाचा, मग सही. वेळ नाही म्हणाले तरी वाचा, पाच मिनिटांचं काम आहे, बोर्ड पळून जात नाही.

"नोकरीच्या आधी हा त्रास होता का" या प्रश्नाला खरं ते आणि तेवढंच लिहा. एकाने लिहिलं होतं "लहानपणी कधीतरी कानात दुखायचं". कुठल्या मुलाच्या कानात दुखत नाही? पण बोर्डाने ते धरलं आणि श्रवणदोष आधीपासूनचा ठरवून टाकला, तोफखान्यात उभी हयात काढलेला माणूस तो.

सगळे आजार नोंदवा. बीपी, शुगर, कंबर असे तीन असतील तर तिन्ही. प्रत्येकाची टक्केवारी वेगळी लिहिली जाते आणि मग सगळ्यांची मिळून एक कंपोझिट टक्केवारी काढतात, ती सरळ बेरीज नसते, त्यामुळे २० आणि ३० मिळून ४० का आले म्हणून भांडू नका. जो आजार बोर्डात लिहिलाच नाही तो नंतर घुसवणं फार कठीण.

सुरुवात कुठे झाली हा रकाना नीट बघा. बीपी-शुगरच्या केसमध्ये नेहमीचा घोळ : माणूस तीन वर्षं उंचावर किंवा काउंटर इन्सर्जन्सीत काढून खाली पीस स्टेशनला आला, वार्षिक मेडिकलला बीपी सापडलं, फॉर्मवर लिहिलं "ऑनसेट : पीस", आणि निर्णय आला की पीसला झालं म्हणजे सर्व्हिसचा संबंध नाही. तुमच्या निवेदनात त्याआधीची फील्ड पोस्टिंग तारखांसकट लिहिलेली पाहिजे, म्हणजे निदान "वाढला" या मुद्द्यावर बोलायला जागा राहते.

बोर्डाचं मत तीनपैकी एक येतं. सर्व्हिसमुळे झाला, सर्व्हिसमुळे वाढला, किंवा दोन्ही नाही. हे तिसरं म्हणजे एनएएनए, ज्याला सगळे "नाना लागला" म्हणतात. नाना लागला तर बोर्डाच्या टेबलावर वाद घालून उपयोग नाही, शांतपणे प्रत मागा आणि पुढची तयारी सुरू करा. मात्र कारण काय लिहिलंय ते वाचून घ्या, कारण पुष्कळदा एका ओळीत "जीवनशैलीचा आजार" एवढंच लिहिलेलं असतं आणि ते पुढे तुमच्याच कामाचं ठरतं.

थांबा, तपासा : बोर्डाची प्रत हातात आहे? आजारांची यादी पूर्ण आहे? टक्केवारी वाचता येतेय? सह्या आणि शिक्के दिसतायत? मोबाइलवर फोटो काढून घरी पाठवून ठेवा, ट्रंका हरवतात.

## टप्पा ३ : रेकॉर्ड ऑफिस, आणि फक्त रेकॉर्ड ऑफिस

जवानांच्या आणि जेसीओंच्या बाबतीत बोर्डाचे कागद तुमच्या रेकॉर्ड ऑफिसला जातात, तिथे निर्णय होतो, आणि मग पेन्शन मंजुरी प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शन ऑफिसकडून (संरक्षण खात्याचं पेन्शनच्या हिशेबाचं ऑफिस) निघते. नेव्हीचं हिशेबाचं काम मुंबईला, एअर फोर्सचं दिल्लीला.

आपल्या भागातल्या माणसांची रेकॉर्ड ऑफिसं साधारण ही : मराठा लाइट इन्फंट्री बेळगाव, बॉम्बे सॅपर्स खडकी, आर्टिलरी नाशिकरोड, महार रेजिमेंट सागर, ईएमई सिकंदराबाद, एएससी बंगळुरू, सिग्नल्स जबलपूर. पत्र तिथेच. राष्ट्रपती, पंतप्रधान, लष्करप्रमुख, खासदार, पालकमंत्री यांना प्रत पाठवायची हौस असते, समजू शकतो, पण पहिल्याच दिवशी नको. त्याने फाईल पुढे जात नाही, "वस्तुस्थिती कळवा" अशी आणखी तीन पत्रं तुमच्या क्लार्कच्या टेबलावर येतात आणि तो तुमचं काम बाजूला ठेवून ती उत्तरं देत बसतो. मी हे दोन्ही बाजूंनी पाहिलंय.

पत्र कसं असावं? एक पान. वर आर्मी नंबर, रँक, नाव, युनिट, डिसचार्जची तारीख, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) नंबर, मोबाइल नंबर. मग तीन-चार ओळीत : अमुक तारखेला अमुक हॉस्पिटलमध्ये रिलीज बोर्ड झालं, अमुक आजार, अमुक टक्के, निर्णय कळलेला नाही, कृपया कळवावा. बास. शौर्याच्या गोष्टी, घरची परिस्थिती, मुलीचं लग्न, हे या पत्रात नको. स्पीड पोस्टने पाठवा, पावती चिकटवून ठेवा, एक वही करा : तारीख, कुणाला, काय, पावती नंबर. ही वही पुढे तुमची वकील आहे समजा.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा उपयोग इथे होतो. पत्राचा मसुदा, फॉर्म, प्रती प्रमाणित करणं यात मदत मिळते, पैसे लागत नाहीत. तिथे जाताना डिसचार्ज बुक, पीपीओ आणि माजी सैनिक ओळखपत्र घेऊन जा.

## टप्पा ४ : स्पर्शवरची माहिती जुळवा

हा टप्पा छोटा आहे पण पैसे इथे अडकतात. मंजुरी झाली तरी स्पर्श या संरक्षण पेन्शनच्या सरकारी पोर्टलवर नाव, जन्मतारीख, पॅन, आधार, बँक खातं जुळत नसेल तर पुढे सरकत नाही. लॉगिन करा, स्वतःची माहिती उघडा, डिसचार्ज बुक शेजारी ठेवून एकेक ओळ बघा. बायकोची माहिती पण. चुकीचं असेल तर तिथूनच दुरुस्तीची विनंती टाकता येते. लॉगिन जमत नसेल तर सीएससी केंद्रात किंवा स्पर्शच्या सेवा केंद्रात जा.

दरवर्षीचं लाइफ सर्टिफिकेट चुकवू नका. चालू पेन्शन बंद पडली की माणूस डिसेबिलिटी विसरतो आणि तिच्यामागे लागतो.

सावधान : ओटीपी आणि पासवर्ड कोणालाही नाही. "थकबाकी काढून देतो, पंधरा टक्के माझे" म्हणणारे पुष्कळ फिरतात. त्यांच्याकडे कुठली वेगळी खिडकी नसते, तेही हेच पत्र लिहितात.

## टप्पा ५ : मंजूर झालं? पीपीओ वाचा

पैसे आले म्हणजे बरोबर आले असं नाही. सर्वसाधारण डिसचार्जच्या केसमध्ये १०० टक्के डिसेबिलिटीला डिसेबिलिटी एलिमेंट शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, आणि डिसेबिलिटी कमी असेल त्या प्रमाणात कमी. आता समजा हिशेबाचा पगार ४०,००० होता. १०० टक्क्याला १२,००० होतात. तुमची डिसेबिलिटी ३० टक्के, तर ३,६००.

पण इथे राउंड ऑफ येतं, ज्याला ब्रॉड बँडिंग म्हणतात. ५० पेक्षा कमी असेल तर ५० धरायचे, ५० ते ७५ असेल तर ७५, आणि ७६ ते १०० असेल तर १००. म्हणजे वरच्या माणसाचे ३० चे ५० झाले आणि ३,६०० ऐवजी ६,०००, वर महागाई वेगळी. बोर्डातून मुदतीआधी काढलेल्यांना हे १९९६ पासून होतं, टर्म पूर्ण करून किंवा निवृत्तीच्या वयाला आलेल्यांना नाकारलं जायचं, तो वाद सुप्रीम कोर्टाने १० डिसेंबर २०१४ ला राम अवतार केसमध्ये सैनिकांच्या बाजूने मिटवला. तरीसुद्धा जुन्या पीपीओत ते आपोआप लागलंच असेल असं धरू नका. "३० टक्के" च्या पुढे "५०" दिसतंय का ते बघा. हे गणित २१ सप्टेंबर २०२३ च्या आधी निघालेल्यांचं आहे, हे परत सांगतो.

थांबा, तपासा : पीपीओत आजाराची टक्केवारी किती, राउंड ऑफ करून किती, कुठल्या तारखेपासून, आणि आयुष्यभरासाठी की ठराविक मुदतीसाठी? १०० टक्के असेल आणि बोर्डाने शिफारस केली असेल तर कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स (सतत मदतनीस लागतो त्याचा भत्ता) लागलाय का?

## टप्पा ६ : नाकारलं तर पहिलं अपील

नाकारल्याचं पत्र आलं की लोक दोन चुका करतात. एक तर निराश होऊन पत्र देव्हाऱ्यामागे ठेवून देतात, किंवा रागाने परत तोच अर्ज रेकॉर्ड ऑफिसला पाठवतात. दोन्हीत मुदत जाते. पत्राच्या तारखेपासून सहा महिन्यांत पहिलं अपील करायचं असतं. लिफाफ्यावर आल्याची तारीख लिहा आणि लिफाफा फेकू नका.

अपील रेकॉर्ड ऑफिसच्या मार्फतच जातं, फी नाही, साध्या कागदावर चालतं. पण अपील म्हणजे विनवणी नव्हे, मुद्दे पाहिजेत. मी ज्या क्रमाने लिहितो तो असा :

पहिला मुद्दा, भरतीच्या वेळी फिट होतो, कुठलीही नोंद नव्हती. दुसरा, आजार सर्व्हिसमध्ये अमुक तारखेला अमुक ठिकाणी कळला. तिसरा, त्याआधीच्या पोस्टिंगा, तारखा आणि तिथलं काम. चौथा, बोर्डाने नाना का लावला याचं कारण दिलेलं नाही किंवा एका ओळीत दिलंय. पाचवा, कायदा. इथे धर्मवीर सिंग विरुद्ध भारत सरकार, २०१३ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल लिहा : भरतीच्या वेळी नोंद नसेल तर नंतर झालेला आजार सर्व्हिसमुळे झाला असं गृहीत धरायचं, आणि तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर, सैनिकावर नाही. हा निकाल जुन्या म्हणजे १९८२ च्या नियमांवर दिलेला आहे, तेव्हा तुमची तारीख बघून मुद्दा मांडा.

सोबत प्रती जोडा, मूळ कागद कधीच नाही. प्रत्येक प्रतीवर नंबर टाका आणि अपिलात तोच नंबर लिहा, "जोडपत्र ४ पाहा" असं. वाचणाऱ्याला शोधावं लागलं नाही की तुमची फाईल तो आधी उचलतो, माणूसच आहे तो.

बोर्डाची प्रतच नसेल तर? माहिती अधिकारात मागा. स्वतःचे मेडिकल कागद आणि बोर्ड मिळतात. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर, रेकॉर्ड ऑफिसच्या माहिती अधिकाऱ्याच्या नावे अर्ज, ३० दिवसांत उत्तर, नाही आलं किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं माहिती अपील. अर्जात "माझी फाईल का थांबली" असा प्रश्न विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. "माझ्या अमुक तारखेच्या रिलीज मेडिकल बोर्डाची पूर्ण प्रत, निर्णयाच्या नोटशीटची प्रत, प्रयागराजला पाठवलेल्या पत्राची प्रत" असे कागद मागा. पेन्शन नाकारल्याचं पत्र आल्या आल्या हा माहितीचा अर्ज टाका, सहा महिने संपत आल्यावर नाही. हॉस्पिटलचे जुने कागद काही वर्षांनी नष्ट करतात, त्यामुळे "बघू पुढच्या दिवाळीत" चालत नाही.

## टप्पा ७ : दुसरं अपील

पहिलं अपील फेटाळलं तर परत सहा महिन्यांत दुसरं, ते वरच्या कमिटीकडे जातं. इथे पहिलंच अपील झेरॉक्स करून पाठवणारे बघितलेत मी. असं करू नका. पहिल्या अपिलाच्या उत्तरात जे कारण दिलंय त्या कारणाला उत्तर द्या. "आजार पीस स्टेशनला झाला" म्हणाले तर पोस्टिंग प्रोफाइल पुढे करा, "वजन जास्त होतं" म्हणाले तर त्या वर्षांच्या मेडिकलमधलं वजन दाखवा. नवा मुद्दा नसेल तर पत्र लांबवू नका.

मधल्या काळात सीपीग्राम्स या केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर तक्रार टाकता येते, तिथे निपटाऱ्याची मुदत २१ दिवस आहे. पण तक्रारीने निर्णय बदलत नाही, थांबलेली फाईल हलते. तेव्हा तक्रारीत एवढंच : अपील अमुक तारखेला स्पीड पोस्टने पोचलं, पावती अमुक, आजपर्यंत उत्तर नाही. एक तक्रार चालू असताना दुसरी टाकू नका, पहिली बंद करून दुसरीत मिसळतात.

## टप्पा ८ : आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल

महाराष्ट्राला मुंबईचं खंडपीठ. २००७ च्या कायद्यानुसार शेवटचा निर्णय आल्यापासून सहा महिन्यांत जायचं. अपील करून सहा महिने झाले आणि उत्तरच आलं नाही, तर उत्तराची वाट बघत म्हातारं व्हायची गरज नाही, ते सहा महिने संपल्यापासून पुढच्या सहा महिन्यांत जाता येतं. ही तरतूद माहीत नसल्यामुळे कितीतरी जण चार-चार वर्षं दुसऱ्या अपिलाच्या उत्तराची वाट बघत बसलेत. उशीर झाला असेल तर कारण देऊन माफीचा अर्ज करता येतो.

पण उशिराची किंमत आहे. पेन्शनचा हक्क चालूच राहतो, थकबाकी मात्र साधारणपणे केस टाकण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते, सुप्रीम कोर्टाच्या २००८ च्या तरसेम सिंग निकालामुळे. २००९ ला आलेला माणूस २०२४ ला गेला तर मधली बारा वर्षं गेली.

स्वतः उभं राहता येतं, कायद्यात तशी मुभा आहे, पण वकील घ्यावा हे माझं मत, आणि आर्मी पेन्शनच्या केसेस चालवणारा घ्यावा, जमिनीच्या केसेसवाला कितीही हुशार असला तरी त्याला एएफएमएसएफ-१६ समजावण्यात दोन तारखा जातात. फी आधी ठरवा, थकबाकीच्या टक्क्यांवर नको. वही, पावत्या, बोर्डाची प्रत, दोन्ही अपिलं, दोन्ही उत्तरं तारखेप्रमाणे लावून एकाच फाइलीत द्या.

निकाल तुमच्या बाजूने लागला तर निकालाची प्रमाणित प्रत लगेच रेकॉर्ड ऑफिसला स्पीड पोस्टने पाठवा, सरकारी वकिलाकडून जाईल म्हणून थांबू नका. निकालात अंमलबजावणीची मुदत लिहिलेली असते, ती वहीत लाल पेनने लिहा. मुदत संपली तर वकिलाला एक्झिक्युशनचा म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज टाकायला सांगा. मग सुधारित पीपीओ स्पर्शवर दिसेल, तेव्हा टप्पा ५ परत काढा आणि टक्केवारी, राउंड ऑफ, तारीख आणि थकबाकी यातलं काही चुकलंय का बघा. चुकलं असेल तर निकालातला तो परिच्छेद अधोरेखित करून एक पानी पत्र, परत रेकॉर्ड ऑफिसलाच.